आबांच्या फटफटीवर एक दिवस

आमच्या गावात कुणी नवं माणूस राहायला आलं, की पहिल्याच रविवारी सकाळी त्याच्या दारात फटफटीचा आवाज व्हायचा. बँकेत आलेला कारकून असो, दवाखान्यातली सिस्टर असो, नाहीतर लग्न होऊन आलेली कुणाची सून असो, डिगूआबा आपली जुनी मोटारसायकल घेऊन हजर. सून असली तर नवरा-बायको दुसऱ्या गाडीवर आणि आबा पुढे. "चला, गाव दावतो," एवढंच म्हणायचे. गाव म्हणजे चार गल्ल्या, एक पार आणि एक शाळा. ते बघायला अर्धा तास पुष्कळ झाला. पण आबांचं गाव सकाळी सुरू व्हायचं आणि दिवस मावळला तरी संपायचं नाही. त्यात धारूरचा घाट यायचा, अंबाजोगाईची लेणी यायची, डोंगरातल्या वाड्या, तांडे, पाझर तलाव, सगळं यायचं. "बगितल्याबिगर शिवार आपलं व्हत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या गावात रुजू झाले ती गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायची नोकरी. मी सिंधुदुर्गातली. लाल माती, माडाची झावळं आणि पावसाचं पाणी अंगणात बघत वाढलेली. बीड जिल्ह्यातल्या या डोंगरात आले आणि पहिल्या संध्याकाळी खोलीच्या खिडकीतून समोर बघितलं तर नुसता काळा खडक आणि वर सपाट माथ्याचे डोंगर, कुणीतरी सुरीनं कापून ठेवल्यासारखे. आईला फोन केला आणि बोलता बोलता रडू आलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं आणि परत यायचं नाही, असं मी मनात पक्कं केलं होतं.

आबा आले ते बायकोला, गयाकाकूंना, घेऊनच. काकूंच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. परक्या पुरुषाच्या गाडीवर बसायला मी कचरेन, हे त्या दोघांनी आधीच ओळखलं असावं. काकू म्हणाल्या, "मी लगीन झाल्यापसनं ह्येंच्या मागं बसते. अजून पाडलं न्हाई. जा बाई, बगून ये." त्या आवाजात आग्रह नव्हता, पण नाही म्हणायला जागाही नव्हती. मी ओढणी डोक्याला बांधली आणि बसले.

आबा तेव्हा साठीच्या पुढे होते. उंच, वाळकुडे, पांढरा पायजमा-सदरा, टोपीवरून कानाला गुंडाळलेला टॉवेल. गाडी इतकी हळू चालवायचे, की शेळ्या हाकणारी बाईसुद्धा चार शब्द बोलून घ्यायची. डावा हात सारखा हँडलवरून सुटायचा, कारण तो डोंगर दाखवायच्या कामाला लावलेला असायचा. आणि उतार लागला, की आबा इंजिन बंद करून टाकायचे. मला भीती वाटली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उतार देवाचा हाय, बाई. त्याला पेट्रोल कावून जाळायचं?"

त्यामुळे त्या घाटातून मी उतरले ती अगदी नि:शब्द. फक्त टायरांचा खरखर आवाज, वारा आणि दरीतून येणारी मोरांची केका. पाऊस नुकताच सरला होता. आदल्या आठवड्यात मला जे ओसाड वाटलं होतं, त्यावर कमरेइतकं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. तरवडाची पिवळी फुलं रस्त्याच्या कडेनं धावत होती. सीताफळांचे डोळे उघडायला लागले होते. एका वळणावर आबांनी गाडी थांबवली. खाली मैदान पसरलं होतं, उसाचे हिरवे चौकोन दिसत होते, आणि त्यांच्या पार पलीकडे माजलगावच्या धरणाचं पाणी पातळ पत्र्यासारखं चमकत होतं. मी उतरून कठड्यापाशी गेले. आबांनी सीताफळ फोडून माझ्या हातावर ठेवलं आणि स्वतः कठड्यावर बसून राहिले.

प्रत्येक डोंगराची त्यांच्याकडे एक गोष्ट होती. एका डोंगरावर देवाची म्हैस बसली म्हणून तो सपाट झाला. दुसऱ्याच्या पायऱ्या राक्षसानं बांधल्या, पण कोंबडा आरवला म्हणून शेवटची राहिली. मी ऐकत होते आणि मला राहवेना. मी म्हटलं, आबा, या पायऱ्या लाव्ह्याच्या आहेत. फार फार पूर्वी जमीन फाटून वितळलेला दगड वर आला, पसरला, थंड झाला. मग त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. हा सगळा बालाघाट तसाच झालाय. तुमची काळी माती त्याच दगडाची आहे.

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी वाकून कडेच्या खडकाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "मंजी आपून गार झालेल्या जाळावर ऱ्हातो."

हो, असं मी म्हटलं.

"आन मला आजपत्तुर कुनी सांगितलं न्हाई," असं म्हणून ते इतके आनंदले, की पुढच्या तासाभरात जो भेटला त्याला त्यांनी ही बातमी दिली. चहाच्या टपरीवाल्याला दिली, सरपण नेणाऱ्या म्हातारीला दिली, टेम्पोचं पंक्चर काढणाऱ्यालाही दिली. दुपारपर्यंत त्या लाव्ह्यात त्यांनी स्वतःची भर घातली होती आणि आमच्या गावचा डोंगर सगळ्यात शेवटी गार झाला असं ठरून गेलं होतं. प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी "असं बाई म्हणत्यात" हे मात्र न चुकता यायचं.

आबांना एवढी माणसं आणि एवढे रस्ते कसे ठाऊक, हे मला टपरीवाल्यानं सांगितलं. वीसेक वर्षं आबांनी एका पुढाऱ्याचा प्रचार केला होता. त्या पुढाऱ्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. घाटनांदूरपासून माजलगावपर्यंत एक वाडी आबांनी सोडली नव्हती. मग कधीतरी आबा स्वतः गावच्या सरपंचपदाला उभे राहिले, तेव्हा साहेबांनी ऐनवेळी आबांच्याच चुलतभावाला, केरबानानांना, पुढे केलं. आबा पडले. दोघा भावांच्या घरांची भिंत एक, शेताचा बांध एक, पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आबांना मी त्याबद्दल भीतभीत विचारलं तर एवढंच म्हणाले, "इलेक्शन गेलं, रस्ते ऱ्हायले." त्यात कडवटपणा नव्हता. निदान मला ऐकू आला नाही.

उन्हं कलली तेव्हा आम्ही गावाकडे वळलो, पण गावात न जाता आबांनी गाडी डोंगराच्या मागच्या अंगाला घातली. तिथे मेंढपाळांची आठ-दहा घरांची वस्ती होती. रस्ता संपला तिथे गाडी लावून चालत चढलो. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी लोकर पिंजत बसली होती. तिचं नाव सोजरमावशी. आबांना बघून ती उठली नाही.

"आज कुनाला आनलास, डिगू?"

शाळेच्या बाई आहेत, असं आबांनी सांगितलं आणि टोपी काढून हातात घेतली. मला नवल वाटलं. दिवसभरात त्यांनी ती कुठेच काढली नव्हती.

"बसा, बाई," मावशी म्हणाली. "ह्यो मानूस लई गोड बोलतो. ह्येच्या बोलन्यावर आमी दर टायमाला शिक्का मारला. रस्ता आनतो म्हनला. माजी सून आडली तवा वढ्याला पानी हुतं. चार गड्यांनी बाजंवर घालून नेली. सून वाचली, लेकरू न्हाई वाचलं. इचारा ह्येला, कुटं हाय रस्ता."

आबा मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदा "व्हय, मावशे" म्हणाले, तेवढंच. मावशीनं आतून चहा मागवला. शिव्याही चालू होत्या आणि कपात साखर जास्त घाल म्हणून सुनेला सांगणंही चालू होतं.

तिथून सगळं शिवार पायाखाली दिसत होतं. गावात जायची पायवाट ओढ्यात उतरायची, पलीकडे चढायची आणि गावाजवळ पुन्हा ओढा ओलांडून अलीकडे यायची. पावसाळ्यात या वस्तीची पोरं शाळेत का येत नाहीत, ते मला तिथं उभं राहून कळलं. पण ओढ्याच्या अलीकडूनच एक लांब बांध सरळ गावापर्यंत गेलेला दिसत होता. नवख्या माणसाला काय बोलावं आणि काय बोलू नये ते कळत नाही. मी विचारलं, त्या बांधावरून रस्ता काढला तर ओढा लागणारच नाही, मग तसा का नाही काढला?

 मावशीचा लोकर पिंजणारा हात थांबला. मग ती आबांकडे बघत म्हणाली, "त्यो बांध ह्येचा आन केरबाचा हाय. भावाचं दार जड झालंय ह्येला."

परत येताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी नको ते बोलले होते. शेवटी मी म्हटलं, आबा, तुम्ही हे सगळं का ऐकून घेता? रस्ता करायचा शब्द साहेबांचा होता, तुमचा नव्हता.

त्यांनी गाडी थांबवली आणि मागे वळून बघितलं. "सायबाला तिनं कवा बगितलाय, बाई? तिच्या दारात मी गेलतो. शब्द सायबाचा आसंल, तोंड तर माजं हुतं."

मग हळूच म्हणाले, की प्रत्येक नव्या माणसाला फिरवून आणताना शेवटी ते त्याला इथेच आणतात. परक्यासमोर ऐकून घेतलं म्हणजे विसर पडत नाही.

फाट्यावर आलो. उजवीकडे गाव, डावीकडे शेतं. गाडी चालूच होती, पण आबा ती कुठेच वळवेनात. मी मागून त्यांच्या सदऱ्याची घामेजलेली पाठ बघत होते. कितीतरी वेळानं त्यांनी गाडी डावीकडे घातली.

केरबानाना रानात ज्वारी पेरत होते. ठेंगणे, जाड, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी बैल थांबवले.

"वाट चुकलास का?" नाना म्हणाले.

"न्हाई. वाटंसाठीच आलोय."

आबांनी सगळं सांगितलं, सोजरमावशीच्या सुनेचंही सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. मग तिफणीवर हात ठेवून म्हणाले, "सोताच्या कामाला आला आसतास तर लगीच व्हय म्हनलो आसतो. इतकी वर्सं वाट बगितली. आलास त्ये लोकायच्या कामाला."

आबांनी टोपी पुन्हा काढून हातात घेतली.  मग म्हणाले, "चुकलंच माजं, केरबा." एवढं तीन शब्दांचं वाक्य, पण ते बाहेर पडायला किती जड गेलं ते मी बाजूला उभी राहून बघितलं.

नाना बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, की बांध दोघांचा आहे, तर जमीनही दोघांची जाईल. निम्मी माझी, निम्मी तुझी. आबांच्या बाजूला त्या बांधालगत गयाकाकूंनी हंड्यानं पाणी घालून वाढवलेली मोसंबीची ओळ होती. ती जाणार होती. आबा म्हणाले, गयाला विचारून सांगतो. नाना म्हणाले, विचार, आणि आता आलाच आहेस तर चहा घेऊन जा. मग मी आणि ते दोघे भाऊ बांधावर बसून चहा प्यायलो. दोघेही पिकाशिवाय कशावरही बोलले नाहीत, पण उठायची घाई कुणालाच नव्हती.

गयाकाकू रागावल्या. त्यांनी आठवडाभर आबांशी बोलणं टाकलं, ताटात वरण-भाकरीशिवाय काही वाढलं नाही. पण झाडं तोडायला माणसं आली तेव्हा त्या स्वतः तिथे उभ्या राहिल्या. शेवटची फळं त्यांनी पाटीत गोळा केली आणि ती पाटी वस्तीवर धाडली. पुढे कुणी रस्त्याचं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "रस्ता चांगला हाय. पन मोसंबीबी चांगलीच हुती." त्यांचं हे म्हणणं आबांनी कधी खोडून काढलं नाही.

रस्ता गावानंच केला. ट्रॅक्टर नानांनी लावले, माणसं आबांनी जमवली. सुट्टीच्या दिवशी आम्ही शिक्षकही मुरूम पसरायला जायचो. एका ठिकाणी काळा खडक लागला आणि पहार उडायला लागली. कपाळावर हात मारून बसलेल्या गड्यांना आबा समजावत होते, "ह्यो दगड एकदा ताकावानी पातळ हुता, असं बाई म्हणत्यात." गडी माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. त्या दिवशी माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणाची किंमत गावात जरा कमीच झाली असावी.

दिवाळीला मी घरी गेले आणि सुट्टी संपायच्या आधीच परत आले. आईनं विचारलं, तिथे असं काय आहे? मी बॅग भरत राहिले. पुढच्या पावसाळ्यात सोजरमावशीची नात रोज शाळेत यायला लागली. कोरड्या चपलांनी वर्गात शिरणारी ती मुलगी बघितली की मला फाट्यावर थांबलेली ती फटफटी आठवायची. मी त्या गावात सात वर्षं राहिले. चांगली शिक्षिका झाले असेन तर तिथेच झाले. पुस्तकातला भूगोल मी आधीही शिकवत होते. पण आपण ज्या जमिनीवर उभं राहून बोलतो, तिथल्या माणसांना आपल्या बोलण्याचा जाब विचारायचा हक्क असतो, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी बदली मागितली. आबांना सांगायला जीभ रेटेना. त्यांना दुसरीकडून कळलं. ते आले आणि म्हणाले, बापाजवळ जायला पाहिजे, त्यात लाजायचं काय. मी म्हटलं, आबा, तुम्ही मला फार दिलंत. ते हसले. "मी काय दिलं, बाई? एक दिस दिला. त्यो बी तुमच्याच सुट्टीचा."

दोन पावसाळे उलटले. एका दुपारी केरबानानांचा फोन आला. त्यांनी मला याआधी कधी फोन केला नव्हता, त्यामुळे नाव बघूनच मी खाली बसले. आबा गेले होते. सकाळी वस्तीवर गेले होते, एकटेच. सोजरमावशीच्या घरापुढे चहा घेत होते. आता वस्तीवर अजून विजेचा खांब आला नाही म्हणून मावशी त्यांना बोलत होती. आबा नेहमीसारखे मान खाली घालून बसले होते. तिला वाटलं, ऐकतायत. तिचं बोलून संपलं तरी मान वर होईना, तेव्हा तिनं खांद्याला हात लावला.

नाना म्हणाले, "मावशी घास घेईना, बाई. मी बोलत हुते तवाच त्यो गेला, माज्या बोलन्यानं गेला, म्हनती. आमचं कुनाचं ऐकंना. तुमी बोला. मी तिच्या दारातच हाय."

नानांनी फोन तिच्या कानाशी धरला. मला तिचा श्वास ऐकू येत होता.  मग मी म्हटलं, मावशी, आबा तुमच्याकडे यायचे ते तुमचं बोलणं ऐकायलाच यायचे. मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं. तुम्ही बोलला नसतात तर त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

"खरं?"

"खरं, मावशी."

 मागे शेळ्या ओरडत होत्या, कुणीतरी लाकडं फोडत होतं. मग ती रडक्या, चिडक्या आवाजात म्हणाली, "मंग खांबाचं आता मी कुनाला इचारू?"

तिच्या शेजारून नानांचा आवाज आला, जाड आणि हळू.

"मला इचार, मावशे."